धक्का कोण खातो? – मोटारीच्या हायड्रॉलिक शॉक अ‍ॅब्सॉर्बरची सुधारणा कशी झाली



विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत शाळेच्या बसच्या दुरुस्तीचा खर्च मांडला, तेव्हा एका सन्माननीय सदस्यांनी विचारले, "पाटे शाबूत आहेत, टायर चांगले आहेत, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्च कशासाठी? मुलांना थोडे धक्के बसतील, एवढेच ना?" प्रश्न रास्त होता. शाळेचा पैसा पालकांच्या खिशातून येतो आणि तो विचारूनच खर्च झाला पाहिजे. आम्ही तेथे दोन वाक्यांत उत्तर दिले खरे, पण त्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. म्हणून नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला हाच विषय घेतला. त्या दोन तासांत जे बोलणे झाले, ते येथे जरा सविस्तर देत आहोत.

घोटाळा नावापासूनच सुरू होतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. (आपल्या इंदूरचे मेकॅनिक त्याला 'शॉकर' म्हणतात, आणि महाराष्ट्रात ज्यांना पाटे म्हणतात त्यांना इकडे 'कमानी' म्हणतात. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने आमच्याही तोंडी आधी कमानीच येते.) प्रत्यक्षात खड्ड्याचा धक्का घेतात ते पाटे. चाक वर उचलले जाते, पाटे दबतात, आणि धक्क्याची ऊर्जा पाट्यांत साठते. साठते, नाहीशी होत नाही. पुढच्याच क्षणी पाटे ती परत देतात आणि गाडी वर उडते, मग खाली येते, पुन्हा वर जाते. ही साठलेली ऊर्जा उष्णतेत बदलून टाकणे, हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम. तो धक्का खात नाही. पाट्यांचे डोलणे खातो.

हे डोलणे किती वेगाने होते, याचा हिशेब तुम्हाला दोलकाच्या सूत्रानेच करता येईल. गाडीच्या वजनाने पाटे १० सें.मी. दबले असतील, तर ती गाडी १० सें.मी. लांबीच्या दोलकाइतक्याच वेळात एक झोका पूर्ण करते. सूत्रात ०.१ मीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८ घाला, उत्तर येते सुमारे ०.६३ सेकंद. म्हणजे सेकंदाला दीड झोका. हा झाला गाडीच्या सांगाड्याचा झोका, जो आपल्या पोटाला कळतो. चाकाचा झोका मात्र निराळा असतो. चाक हलके असते आणि टायर व पाटे या दोन स्प्रिंगांच्या मध्ये सापडलेले असते, त्यामुळे ते सेकंदाला दहाच्या आसपास वेळा थडथडते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला ११ मीटर जाते. तेव्हा थडथडणारे चाक साधारण दर मीटरभराला एकदा रस्त्यावरची पकड सोडते. ज्या क्षणी टायर रस्त्याला टेकलेला नाही, त्या क्षणी ब्रेक कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही, आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. सदस्य महोदयांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. धक्के बसतात ते सोसता येतील. पण गाडी थांबायला जास्त अंतर घेते, ते सोसता येणार नाही.

ही गोष्ट समजायला मोटार बनवणाऱ्यांनाही वेळ लागला. घोड्याच्या बग्गीलाही पाटे असत, पण तिला वेगळ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची गरज भासली नाही. वेग कमी होता, आणि एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासत त्यातच थोडी ऊर्जा खर्ची पडे. पण हे घर्षण भरवशाचे नाही. पाटे गंजले की गाडी दगडासारखी कडक होते, ग्रीस लावले की उड्या मारते. मोटारी ताशी ५०-६० किलोमीटरने पळू लागल्या तेव्हा हे उघड झाले. तरीसुद्धा फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या, आणि त्यांना कारखान्यातून शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून येत नसत. ज्याला हवे त्याने बाजारातून विकत घेऊन बसवावे!

बाजारात मिळत असलेल्यांपैकी एक प्रकार घर्षणाचा होता. फ्रान्समधील ट्रुफो यांची ही कल्पना अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी १९०४ च्या सुमारास पुढे आणली. कैचीसारखे दोन दांडे, त्यांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या, आणि त्यांना दाबून धरणारा नट. एक दांडा चासीला, दुसरा एक्सलला. नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. साधे, स्वस्त आणि कोणालाही दुरुस्त करता येण्यासारखे. बुगाटीसारख्या शर्यतीच्या गाड्यांवर हे घर्षणाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुढे बराच काळ होते, तेव्हा त्यांना टाकाऊ म्हणता येणार नाही.

पण त्यांच्यात एक मूळचाच दोष होता. कोरड्या घर्षणाचा विरोध वेगावर जवळजवळ अवलंबून नसतो. उलट, स्थिर असताना तो जास्त आणि सरकू लागल्यावर कमी असतो. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण आठवा. हळू ओढला तर हलत नाही, जोर लावला की एकदम बाहेर येऊन पेन्सिली जमिनीवर. गाडीतही तेच. लहान खडीवर चकत्या जागच्या जागी चिकटून राहतात, पाटे हलतच नाहीत, आणि गाडी जणू बिनपाट्याची होते. मोठ्या खड्ड्यात चकत्या एकदा सरकल्या की हवा तेवढा विरोध मिळत नाही. म्हणजे जिथे मऊपणा हवा तिथे कडक, आणि जिथे जोर हवा तिथे अपुरा. पाहिजे होते ते नेमके उलट.

द्रवाजवळ हा गुण होता. अरुंद छिद्रातून द्रव हळू ढकलला तर विरोध नगण्य असतो. जोरात ढकलला तर तो झपाट्याने वाढतो. छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. ही युक्ती मोटारीच्या आधीच तोफेत आली होती. फ्रेंच सैन्याच्या १८९७ सालच्या ७५ मि.मी. तोफेची नळी गोळी सुटल्यावर मीटरभर मागे सरके. तिला द्रव आवरून धरी आणि दाबलेली हवा परत जागेवर आणी. त्यामुळे तोफेचा गाडा प्रत्येक बारानंतर हलत नसे. पण तोफेला मिनिटाला काही धक्के, तेही एकाच दिशेचे आणि ठरलेल्या जोराचे. चाक सेकंदाला दहा वेळा थडथडले, तर तासाला ३६ हजार झोके होतात. प्रत्येक निराळा, दोन्ही दिशांचा, वर चिखल आणि धूळ. कल्पना तयार होती. ती मोटारीच्या चाकाशी टिकवायची कशी, हा प्रश्न होता.

त्यावरचे महत्त्वाचे काम फ्रान्सच्याच मोरिस ऊदाय यांचे. १९०८ आणि १९०९ मध्ये त्यांनी आपल्या रचनेचे पेटंट घेतले. चासीला घट्ट बसवलेला एक गोल डबा, आत द्रव. डब्याच्या मधोमध एक दांडा, त्याला दोन पाती, आणि डब्यालाच जोडलेल्या स्थिर भिंतींनी आतली जागा कप्प्यांत वाटलेली. दांड्याच्या बाहेरच्या टोकाला एक हात असतो, तो दुव्याने एक्सलला जोडलेला. चाक वर गेले की हात फिरतो, पाती फिरतात, आणि एका कप्प्यातला द्रव अरुंद वाटेने दुसऱ्या कप्प्यात जातो. चाक खाली आले की उलट. हळू हालचाल झाली तर पाती सहज फिरतात. झटका आला तर द्रव अडून बसतो. घर्षणाच्या चकत्यांचा मूळ दोष एका फटक्यात गेला. तरी पहिल्या महायुद्धापूर्वी हा प्रकार फारसा पसरला नाही. युद्धानंतर मात्र त्याचा प्रसार झाला, आणि डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए'ला चारही चाकांवर ऊदाय पद्धतीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कारखान्यातूनच बसवून येऊ लागले. ते अमेरिकेत बफेलो शहरात तयार होत. श्रीमंतांच्या गाडीतली वस्तू सामान्य माणसाच्या गाडीत आली, ती येथे.

आता खरी गंमत. कल्पना बरोबर असूनही हे यंत्र ऋतूप्रमाणे स्वभाव बदलत असे.

आपल्या वाचनालयाच्या दाराला जो डोअर क्लोजर आहे, त्याच्याही पोटात तेल आणि दट्ट्याच आहे. जानेवारीच्या सकाळी ते दार सावकाश, कंटाळत बंद होते; मे महिन्यात तेच दार धाडकन आदळते आणि ग्रंथपालबाई दचकतात. तेल तेच, दार तेच. तापमानाने तेलाचा दाटपणा, म्हणजे विज्ञानाच्या भाषेत श्यानता, बदलली. मोटारीतही हेच होई. थंडीत गाडी कडक, उन्हाळ्यात मऊ. शिवाय खराब रस्त्यावर तासभर चालल्यावर द्रव स्वतःच्याच कामाने तापतो, म्हणजे निघताना एक गाडी आणि पोहोचताना दुसरी. ऊदाय पद्धतीत ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. ते थंडीत गोठत नसे, पण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते, आणि तापमानाचा परिणाम त्यावरही होतोच. म्हणून मॉडेल ए मध्ये मालकाला फिरवता येईल असा सुईसारखा व्हॉल्व्ह ठेवला होता. ऋतू बदलला की गाडीखाली जाऊन वाट लहान-मोठी करायची. १९३२ च्या फोर्ड गाड्यांत हेच काम थर्मोस्टॅटवर सोपवले. द्रव तापला की वाट आपोआप अरुंद होई.

थर्मोस्टॅट हा उपाय हुशारीचा होता, पण तो रोगाच्या लक्षणावर होता असे आमचे मत आहे. रोग दुसरीकडे होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. द्रव दोन प्रकारच्या वाटांनी जाऊ शकतो. एक, पातळ पत्र्याला पाडलेले धारदार कडांचे भोक. दुसरी, दोन पृष्ठभागांमधली लांब, बारीक फट. भोकातून जाताना द्रवाला एकदम वेग घ्यावा लागतो. तेथला विरोध मुख्यतः द्रवाच्या घनतेवर अवलंबून असतो, दाटपणावर फारच थोडा. फटीतून जाताना मात्र द्रव दोन्ही भिंतींना घासत जातो. तेथे सगळा खेळ दाटपणाचा. आणि फटीचा आणखी एक नियम मोठा निष्ठुर आहे. तीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०५ मि.मी. ची झिजून ०.१० मि.मी. झाली, म्हणजे फक्त दुप्पट झाली, तर गळती आठपट! माणसाचा केससुद्धा यांच्या दरम्यानच्या जाडीचा असतो.

आता ऊदाय यांच्या पात्याकडे पुन्हा पाहा. ते चौकोनी आहे. त्याच्या वरच्या कडेला फट, खालच्या कडेला फट, डब्याच्या गोल भिंतीशी फट, मधल्या दांड्याशी स्थिर भिंतीची फट. चौकोनी कोपरे इतके अचूक घासून बसवणे कारखान्यात अवघड आणि महाग. कितीही काळजी घेतली तरी बराच द्रव नेमलेल्या भोकाऐवजी या फटींतून पळे, आणि म्हणूनच यंत्र तापमानाच्या तंत्राने चाले. उलट, गोल नळीत गोल दट्ट्या बसवणे सोपे. लेथवर कातायचे, ग्राइंडिंग करायचे. फट एकच, तीही गोलाकार. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'लव्हजॉय' नावाने ओळखला जाणारा जो प्रकार आला, त्यात बाहेरून तसाच हात होता, पण आत पात्याऐवजी गोल दट्ट्या होता. आमच्या दहावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग शोध शास्त्राने सुधारला की लेथने?" आम्ही म्हटले, दोघांनी, पण लेथचे नाव पुस्तकात येत नाही.

दुसरी अडचण मोठ्या धक्क्याची. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हा गुण आपण वर कौतुकाने सांगितला. तोच गुण उलटतोसुद्धा. वेग तिप्पट झाला तर विरोध नऊपट. मोठ्या खड्ड्यात द्रव इतका अडतो, की शॉक अ‍ॅब्सॉर्बर लोखंडी सळईसारखा ताठ होतो आणि धक्का सरळ चासीत जातो. भोक मोठे करावे, तर लहान झोके थांबत नाहीत. यावर तोडगा निघाला तो स्प्रिंगने दाबून धरलेल्या व्हॉल्व्हचा. हळू हालचालीत द्रव लहान भोकातून जातो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीची वाट देतो. प्रेशर कुकरची शिट्टी ज्या तत्त्वावर उडते, तेच तत्त्व. असेच व्हॉल्व्ह दोन दिशांना वेगवेगळ्या ताकदीचे ठेवता येतात, हा त्यांचा आणखी मोठा फायदा. चाक उंचवट्यावर चढताना विरोध फार असला तर धक्का माणसाला बसतो. पाटे परत उसळताना मात्र विरोध चांगला हवा, कारण साठलेली ऊर्जा तेव्हाच बाहेर पडत असते. आजही बहुतेक गाड्यांत उसळीचा विरोध दाबाच्या विरोधापेक्षा दुप्पट-तिप्पट ठेवतात.

तिसरी अडचण हवेची. ती तुम्ही शाळेत करून पाहू शकता. बिनसुईच्या दोन मोठ्या सिरिंज घ्या, आणि अंगठाभर लांबीच्या बारीक प्लास्टिक नळीने जोडा. सगळीकडे पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा त्याच क्षणी वर येतो. हळू दाबला तर सहज, जोरात दाबला तर बोट दुखते. आता मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा आत राहू द्या. दट्ट्याचा पहिला भाग नुसताच, काही न करता आत जातो. हवा दबते, द्रव हलतच नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये असा बुडबुडा शिरला, किंवा द्रव घुसळून त्याचा फेस झाला, तर लहान झोक्यांना विरोधच उरत नाही. म्हणून सुधारलेल्या रचनांत काम करणाऱ्या कप्प्याच्या वर द्रवाची वेगळी साठवण ठेवू लागले, आणि मध्ये एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. थोडा द्रव गळला तर वरून आपोआप भरला जातो आणि हवा वर निघून जाते. (पाण्याऐवजी एरंडेल तेल घेऊन हाच प्रयोग करा. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेले, एकदा कोमट. तापमानाविषयी वर जे लिहिले, ते बोटांना पटेल.)

एवढे सगळे झाले तरी 'हात' हा एक दुबळेपणा राहिलाच. समजा बाहेरचा हात २० सें.मी. लांब आहे आणि आतला आखूड हात अडीच सें.मी. म्हणजे चाक ८ सें.मी. हलले तर आतला दट्ट्या जेमतेम १ सें.मी. हलणार, आणि चाकाशी १०० किलोचा विरोध हवा असेल तर दट्ट्यावर ८०० किलोचा भार येणार. द्रव थोडा, दाब प्रचंड. दाब जास्त म्हणून गळती जास्त, द्रव थोडा म्हणून तापणे लवकर. याचे उत्तर म्हणजे हातच काढून टाकणे. एक टोक चासीला, एक एक्सलला, मध्ये दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी नळी, आणि आत गोल दट्ट्या. चाक जितके हलेल तितकाच दट्ट्या हलतो; दाब बराच कमी, द्रव भरपूर, आणि नळीला बाहेरची हवा लागून ती थंडही होते. इटलीच्या लान्सिया कंपनीने १९२२ च्या 'लाम्बदा' गाडीत पुढच्या चाकांच्या सरकत्या खांबातच असा हायड्रॉलिक भाग बसवला होता. १९३० च्या दशकात स्वतंत्र टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुढे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेच रूढ झाले.

यातही एक बारीक पेच होता. दट्ट्याची दांडी आत शिरते तेव्हा ती स्वतःच जागा अडवते. द्रव तर दबत नाही, मग तेवढा द्रव जाणार कुठे? म्हणून नळीभोवती दुसरी नळी आणि तळाशी व्हॉल्व्ह. जास्तीचा द्रव बाहेरच्या नळीत जातो आणि परत येतो. त्या बाहेरच्या नळीत थोडी हवा असावीच लागते, आणि जोरात घुसळले की फेस हा जुना शत्रू परत येतो. १९५३ मध्ये फ्रान्सचे बूर्सिए द कार्बों यांनी एकाच नळीत, वेगळ्या पडद्याआड, दाबाखालचा वायू ठेवण्याची रचना आणली, तेव्हा तो बराच काबूत आला.

जुना प्रकार लगेच संपला असे मात्र समजू नये. इंग्लंडची 'मॉरिस मायनर' १९४८ पासून १९७१ पर्यंत हाताच्याच शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर चालली, आणि १९६२ ते १९८० या काळातल्या 'एमजीबी' गाडीत तर पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा हात हाच चाकाला धरून ठेवणारा वरचा दांडा होता. चांगली बनवलेली जुनी वस्तू टिकते; वाईट बनवलेली नवी टिकत नाही.

आता आपल्या बसकडे येतो. पालकांनी स्वतःच्या मोटारीची परीक्षा घरीच करावी. गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबावा आणि सोडावा. ती वर येऊन जागेवर थांबली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपला असे समजावे. नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसणे आणि टायर जागोजागी वाटीसारखे झिजणे ही आणखी दोन लक्षणे. बस हाताने दाबता येत नाही, पण ही दोन्ही लक्षणे आपल्या बसच्या मागच्या चाकांवर होती. मंडळाने खर्च मंजूर केला आणि चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून झाले आहेत.

काढलेल्या जुन्यांपैकी दोन आम्ही भंगारात न देता भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवले आहेत. एक बऱ्यापैकी आहे, दुसरा पूर्ण गेलेला. दोन्ही हाताने ओढून-दाबून पाहावेत. कोणता कोणता, हे सांगावे लागणार नाही. मात्र तपासताना नळी उभी धरावी आणि आधी चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करून घ्यावी. आडवी पडून राहिलेली असली की बाहेरच्या नळीतली हवा आतल्या नळीत शिरते, आणि चांगला असलेलाही पहिल्या एक-दोन वेळा सैल लागतो.